माळ्यावरच्या सात पेट्या

आमच्या महिला मंडळातल्या आम्ही चौघीजणी गेली अकरा वर्षं इंदूरमध्ये एक काम करतो. ज्या घरातलं मूल मोठं झालं तिथले लहानपणीचे कपडे आणि खेळणी उतरवून घ्यायची, निवडायची, धुवायची आणि जिथे बाळ येणार आहे तिथे पोचती करायची. पावती नाही, फलक नाही. एक खोली आहे आणि एक वही. वहीत शंभरावर घरांची नोंद झाली आहे, त्यातलं एकच घर इथे सविस्तर मांडते आहे. इतर घरांत जे थोडं थोडं दिसतं ते या घरात सगळं एका जागी होतं. शिवाय काही गोष्टी मी इथे चुकीच्या क्रमाने केल्या, त्याही सांगायला हव्यात. घरच्यांना विचारूनच लिहिते आहे. नावं घातलेली नाहीत.

घर

लोकमान्य नगरातलं जुनं, बैठं घर. पुढे ओटा, मागे पेरूचं झाड. घरात आजी, वय ७४, शाळेतून निवृत्त झालेल्या. मुलगा आणि सून दोघं नोकरीवर. नात सात वर्षांची, मे २०१७ मधला जन्म. कामाला येणाऱ्या मावशी मूळच्या खरगोनकडच्या, पण वीस वर्षं याच घरात असल्यामुळे मराठी आपल्यासारखीच बोलतात.

सुनेचा फोन आला तो सप्टेंबर २०२४ मध्ये, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघून गेल्या त्या आठवड्यात. पावसाळ्यात माळ्याच्या भिंतीला ओल आली होती आणि नातीला अभ्यासाचं टेबल ठेवायला जागा हवी होती. "ताई, माळ्यावर हिच्या लहानपणीचं सगळं पडून आहे. तुम्ही एकदा येऊन जा. आईंना माझ्यानं सांगवत नाही."

शेवटचं वाक्य मी कानाआड केलं. जागेची अडचण म्हणून बोलावलंय, जागा करून द्यायची, एवढंच मी धरून चालले.

आजींनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "पितृपक्ष चालू आहे. बाळाचं सामान आता खाली काढायचं नाही." मला वाटलं, टाळताहेत. आता वाटतं की त्या मुदत मागत होत्या. पेट्या उतरल्या त्या नवरात्रातल्या रविवारी, ६ ऑक्टोबरला.

माळा उतरवला तेव्हा

चार पुठ्ठ्याचे खोके, दोन पत्र्याच्या ट्रंका आणि एक बोरी. शिवाय सुटा केलेला लाकडी पाळणा, एक वॉकर आणि एक प्रॅम. मोजले तेव्हा कपडे २३१ निघाले. कापडी खेळणी १९. बाकी खेळण्यांचे दोन खोके भरून.

झाकण उघडताच डांबरगोळ्यांचा वास आला, इतका की सून दोन पावलं मागे सरली. आजी म्हणाल्या, "दरवर्षी दिवाळीला नव्या गोळ्या टाकते मी." म्हणजे सात वर्षं माळा कोणी विसरलेलं नव्हतं. आजी दर दिवाळीला शिडीवर चढत होत्या.

मी लगेच कामाला लागले आणि तिथेच चुकले. जमिनीवर तीन चादरी अंथरल्या, एक द्यायच्यासाठी, एक ठेवायच्यासाठी, एक टाकायच्यासाठी, आणि एकेक कपडा वर धरून विचारायला सुरुवात केली. आजी दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. "हे?" "राहू दे." "हे?" "ते तर तिच्या बोरनहाणाचं आहे." "आणि हे भोक पडलेलं?" "राहू दे ना, काय खातंय?" तासाभरात द्यायच्या चादरीवर बारा कपडे जमले. सून काही बोलत नव्हती, घड्या घालत होती, त्याच त्याच घड्या पुन्हा मोडून पुन्हा घालत होती.

शेवटी निवडानिवड थांबवली. "आज नुसतं बघूया काय काय झालंय, ठरवायचं नाही काही," असं म्हटल्यावर आजी खुर्ची पुढे घेऊन बसल्या.

बघितलं तर माळ्यावर सात वर्षांत बरंच काही झालं होतं. ठेवताना पांढरेशुभ्र असलेले झबले गळ्यापाशी आणि छातीवर पिवळे पडले होते. दुधाचा डाग धुतल्यावर डोळ्यांना दिसत नाही, पण नीट निघालेला नसला तर कापडात राहतो आणि वर्षं जातात तसा पिवळा होऊन वर येतो. चड्ड्यांचं इलॅस्टिक ओढलं की पापडासारखं मोडत होतं. खळ करून ठेवलेल्या दोन फ्रॉकांना कसर लागली होती, कारण खळ हे कसरीचं खाणंच. लोकरीचे स्वेटर मात्र शाबूत होते. त्यातल्या पाचांतले तीन आजींनी विणलेले.

बहुतेक घरं इथेच फसतात. आपल्याला वाटतं की पेटीत घातलं म्हणजे वस्तू थांबली. ती थांबलेली नसते, आत तिचं वय वाढत असतं. नातीचे हे कपडे २०१८ मध्ये दिले असते तर जवळजवळ सगळे कुणाच्या तरी अंगावर गेले असते. २०२४ मध्ये त्यातले ६४ पोतेरी आणि दुपट्यांच्या अस्तराखेरीज कशालाच लायक उरले नव्हते. मला याचं फार वाईट वाटतं, दर वेळी वाटतं. बाळ पाच महिन्यांत जन्माच्या दुप्पट वजनाचं होतं आणि वर्षात ५० सेंटिमीटरचं ७५ सेंटिमीटरचं होतं. एक झबलं जेमतेम सहा-आठ आठवडे अंगाला येतं. तेवढंच वापरलेलं कापड सात वर्षं अंधारात कुजवायचं, आणि त्याच गल्लीत कुणाच्या तरी बाळाला मोठ्या माणसाच्या बनियनमध्ये गुंडाळायचं, हे मला बघवत नाही.

डांबरगोळ्या

यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण घराघरांत हे चालतं आणि कुणी कुणाला सांगत नाही.

डांबरगोळी म्हणजे नॅप्थलीन. ती हवेत उडते, कापडात मुरते आणि बंद पेटीत वर्षानुवर्षं मुरलेली राहते. काही बाळांच्या तांबड्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. अशा बाळाच्या अंगाला नॅप्थलीन लागलं किंवा श्वासातून गेलं तर त्याच्या रक्तपेशी फुटायला लागतात. त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य वाढतं, कावीळ चढते, आणि नवजात बाळाची कावीळ फार चढली तर मेंदूला इजा करते. ही उणीव मुलग्यांत जास्त दिसते आणि ती आपल्या घरात आहे हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. त्यात आपल्याकडे बाळाला रोज तेल चोळतात, आणि तेलकट कातडीतून नॅप्थलीन अधिक सहज आत जातं.

सहा वर्षांपूर्वी मी स्वतः एका बाळंतिणीला असे कपडे नेऊन दिले होते, एकदा धुऊन. तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं पडलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "कपडे कुठे ठेवलेले होते?" कावीळ त्यानेच झाली असं ते म्हणाले नाहीत. थोडी कावीळ तर निम्म्याहून जास्त नवजात बाळांना होते, आणि ते बाळ प्रकाशाखाली दोन दिवस ठेवल्यावर बरं झालं. पण त्या प्रश्नाचं उत्तर देताना माझा आवाज फुटेना. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे: वास असेल तर नवजात बाळाला नाही.

या घरात आम्ही काय केलं ते सांगते. सगळे सुती कपडे गच्चीवर दोरीला नऊ दिवस ऊन-वाऱ्यात ठेवले. ऑक्टोबरचं ऊन कामाला आलं. मग दोनदा धुतले. दुधाच्या डागांना आधी गार पाणीच लावायचं, कारण आधीच गरम पाण्यात बुडवलं की दुधातलं प्रथिन कापडाला घट्ट धरून बसतं. त्यानंतर कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीचची पावडर घालून रात्रभर भिजवलं आणि पुन्हा उन्हात टाकलं. वास गेला का हे बघायची आमची एक रीत आहे. वाळलेले चार कपडे स्टीलच्या डब्यात घट्ट झाकण लावून रात्रभर ठेवायचे आणि सकाळी झाकण उघडून हुंगायचं. दोरीवर नाकाला न येणारा वास डब्यात येतो. डब्यात ज्याला वास आला ते कापड पोतेऱ्यात गेलं, मग ते कितीही गोड दिसत असो.

आणि पुन्हा कपडे ठेवायचेच असतील तर स्वच्छ धुऊन, खळ न करता, कोरडे करून, सुती कापडात बांधून ठेवावेत. सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा लवंगा असाव्यात आणि दर पावसाळ्यानंतर एकदा ऊन दाखवावं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नयेत.

दुसरी ट्रंक

दुसरी ट्रंक उघडली ती पुढच्या रविवारी. वर दुपटी होती. सगळ्यात वरचं आजींच्या सासूबाईंच्या महेश्वरी साडीचं. मी ते उजेडात धरलं. वरचा थर झिजून जाळी झाला होता आणि त्या जाळीतून खालची दुसरी साडी दिसत होती, फिकट मोरपिशी. बुगडीच्या किनारीचा एक तुकडा कडेला वळवून शिवलेला. धावदोऱ्याचे टाके अगदी सारखे, तांदळाच्या दाण्याएवढे. यावर आजींचा मुलगाही निजला होता आणि नातही.

दुपट्यांच्या खाली पांढऱ्या मलमलीत बांधलेलं एक गाठोडं होतं. सुनेनं गाठ सोडली. आत सहा झबली होती, पुढून उघडी, बंद लावलेली, बिनबाह्यांची. चार टोपडी, दोन कुंच्या, डझनभर लंगोट. कोरी नव्हती, धुऊन मऊ केलेली होती, पण कुणी घातलेली नव्हती. एकाही झबल्याला डाग नव्हता.

"हे हिचं नाही," सून म्हणाली. "हे मी कधी बघितलंच नाही."

आजी थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ती तीन वर्षांची झाली तेव्हा शिवलं. म्हटलं, आता होईल. विचारायचं कसं? मग शिवूनच ठेवलं."

सून गाठोडं मांडीवर घेऊन तशीच बसली. "आई, आम्ही तेव्हाच ठरवलं होतं, एकच. तुम्हाला सांगायला हवं होतं. रोज वाटायचं उद्या सांगू."

मी नातीला घेऊन ओट्यावर गेले. तिला पेरू कापून दिला, तिखटमीठ लावून. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि ते माझं नव्हेच. अर्ध्या तासाने मावशींनी चहा आणला. आत गेले तर दोघींचे डोळे लाल होते, आणि आजी जमिनीवर उतरून चादरीपाशी बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "ते जाळीचे फ्रॉक आधी काढ. ते मला कधीच आवडले नव्हते."

दोन रविवार अडलेलं काम पुढच्या दोन तासांत झालं. २३१ पैकी ११८ कपडे द्यायच्या लायकीचे निघाले, ६४ पोतेऱ्यात गेले, ४० भपकेदार फ्रॉक वेगळे पडले आणि ९ कपडे घरात राहिले. गाठोडं या मोजणीत धरलेलं नाही. बाकीच्या सुती कपड्यांसारखंच ऊन देऊन, धुऊन, डब्यात हुंगून झाल्यावर सुनेनं ते पुन्हा बांधून आजींच्या कपाटात ठेवलं आणि त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

माळा भरण्याचं कारण जागेची कमतरता किंवा आळस असं मी अकरा वर्षं समजत आले होते. या घरानंतर वही पुन्हा चाळली. जिथे काम महिनोन् महिने अडलं त्या बहुतेक घरांत एक न बोललेली गोष्ट होती. दुसरं मूल हवं की नको, गेलेलं मूल, तुटलेलं माहेर. आता मी चादरी अंथरायच्या आधी बसते आणि विचारते, "हे कुणासाठी ठेवलं होतं?" मग गप्प राहते. त्यांना बोलायला जितका वेळ लागेल तितका लागू देते.

कुठे काय गेलं

मावशींची मुलगी सात महिन्यांची गरोदर होती आणि बाळंतपणाला आईकडे येणार होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण मावशींना विचारावं असं कुणाला सुचलं नव्हतं. सुनेचा विचार होता की चांगली पिशवी भरून हातात द्यावी. मी म्हटलं, आधी विचारूया काय हवं. देणाऱ्याला जे सुंदर वाटतं ते घेणाऱ्याच्या घरात अडचण होऊन बसतं, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. नकार द्यायची मुभा असेल तरच घेणाऱ्याचा मान राहतो.

मावशींनी स्पष्ट सांगितलं. "फ्रॉक नको आजी, आमच्याकडे कुठे मिरवायचं? लंगोट द्या, दुपटी द्या, टोपडी द्या. थंडीचं असेल ते द्या. आणि ताईंच्या बाळीनं घातलेलं एक अंगडं द्या, पहिल्या दिवशी घालायला." नवजात बाळाला पहिलं कापड नवं घालायचं नाही, धडधाकट वाढलेल्या मुलाचं उतरलेलं घालायचं, ही रीत त्यांच्याकडेही आहे आणि आपल्याकडेही. पुष्कळदा धुतलेलं सुती कापड बाळाच्या कातडीला टोचत नाही, नव्यातली खळ आणि रंग त्यात उरलेले नसतात.

थंडीच्या कपड्यांची मात्र पंचाईत झाली. नात मे महिन्यातली, म्हणून पहिल्या तीन महिन्यांचे तिचे सगळे कपडे बिनबाह्यांचे, पातळ मलमलीचे. स्वेटर होते ते सहा महिन्यांच्या बाळाच्या मापाचे, कारण तिची पहिली थंडी सहाव्या महिन्यात आली. मावशींचं नातवंड डिसेंबरात यायचं होतं, आणि डिसेंबरात इंदूरला रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. म्हणून आमच्या खोलीत कपडे कधीच नुसत्या वयावर लावलेले नसतात. गठ्ठ्यावर चिठ्ठी असते ती जन्ममहिन्याची: "मे महिन्यातलं बाळ, ० ते ६ महिने." दिवाळीच्या आसपास जन्मलेल्या दुसऱ्या एका घरच्या मुलाचा गठ्ठा आमच्याकडे होता, त्यातून तान्ह्याचे गरम कपडे काढले आणि इथले मलमलीचे त्या जागी गेले. आजींनी स्वतः विणलेला एक मोठा स्वेटर, त्याचा वास गेल्यावर, उसवून दोन टोपडी आणि मोजे विणायला घेतले. बोटं दुखतात म्हणून रोज थोड्याच ओळी.

खेळण्यांचं ठरवताना नातीला सोबत बसवलं. मूल शाळेत गेलेलं असताना खेळणी गायब करू नयेत. एकदा तसं झालं की मूल उरलेली प्रत्येक गोष्ट धरून बसतं. तिने स्वतःहून अकरा कापडी खेळणी काढून दिली. एक कान तुटलेला ससा मागे ठेवला आणि त्याचं कारण सांगायला नकार दिला. तो तिचा हक्क.

पुढची तपासणी मी केली. आजींच्या देवघरात कुंकवाची म्हणून एक जुनी कॅमेऱ्याच्या रोलची डबी होती, ती मागून घेतली. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात काय अडकू शकतं हे तपासायला प्रयोगशाळेत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात आणि ही डबी जवळजवळ तेवढीच असते. जे डबीत पूर्ण उतरलं ते तान्ह्याच्या घरी जाणार नाही. चाकं, टोपणं, बाहुलीचे बूट, आणि मनगट्यांचे काळे मणीसुद्धा, कारण त्यांचा दोरा कुजलेला होता. एका गाणाऱ्या पुस्तकात बटणाएवढा चपटा सेल होता आणि त्याच्या झाकणाचा स्क्रू हरवलेला. असा लिथियमचा सेल बाळाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. पुस्तक घरात एक दिवसही ठेवलं नाही. इंदूरच्या कचरागाडीला सहा कप्पे असतात, ओला, सुका, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक, घातक आणि सॅनिटरी. सेल आणि बिघडलेली वाजती खेळणी दुसऱ्या सकाळी इलेक्ट्रॉनिकच्या कप्प्यात गेली.

घरची खेळणी बहुतेक २०२१ च्या आधीची होती. भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं ते १ जानेवारी २०२१ पासून, त्यामुळे या खेळण्यांचा रंग कसला हे सांगायला काही साधन नव्हतं. ज्यांच्या रंगाचे पोपडे निघत होते ती काढून टाकली. लाकडी पांगुळगाडा मात्र बिनरंगी सागवानाचा, तो आमच्या खोलीत आला आणि महिन्याच्या आत एका घरी गेला.

वॉकरवर सुनेची आणि माझी थोडी चर्चा झाली. तिला तो मावशींच्या मुलीला द्यायचा होता, महागाचा होता, चांगला होता. मी नको म्हटलं. बसून पळवायच्या वॉकरने मूल लवकर चालत नाही. उलट ते पायऱ्यांवरून गडगडतं, गरम भांड्यापर्यंत पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये असे वॉकर विकायला बंदीच घातली. आपल्या मुलासाठी जे आज घेणार नाही ते दुसऱ्याच्या मुलाला द्यायचं नाही, यावर मी अडून बसते. वॉकर सुटा करून अटालेवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला दिला. दुधाच्या बाटल्या, बुचं आणि दात येताना चावायची रबरी खेळणी न विचारताच बाजूला काढली होती. प्रॅम सुनेनं कॉलनीच्या ग्रुपवर टाकून विकली. विकण्यात कमीपणा काहीच नाही. विकत घेतलेली वस्तू लोक जपून वापरतात.

ठोकळे, कोडी, चित्रांची पुस्तकं आणि भातुकली जवळच्या अंगणवाडीत नेली, तीही आधी कार्यकर्तीला विचारून. आमच्या राज्यात खेळणी अंगणवाडीला द्यायची बरीच चर्चा झाली ती मे २०२२ मध्ये, तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान स्वतः हातगाडी घेऊन भोपाळच्या रस्त्यावर निघाले होते तेव्हा. पण कार्यकर्तीने कापडी खेळणी नाकारली आणि तिचं म्हणणं पटण्यासारखं होतं. तीस मुलं एकच अस्वल तोंडाला लावणार, ते दर आठवड्याला धुणार कोण? अस्वलं उसवून आतला कापूस धुऊन वाळवला आणि मावशींनी त्याचे दोन लोड भरले.

चाळीस फ्रॉकांसाठी आधी सुनेनं शहरातल्या एका देणगीच्या भिंतीचा विचार केला होता, जिथे लोक नको असलेले कपडे ठेवून जातात आणि ज्याला हवे तो नेतो. अशा एका भिंतीपाशी पावसात चिखलात पडलेला लहान मुलांच्या कपड्यांचा ढीग मी पाहिलेला आहे, म्हणून तिथे गेलो नाही. मे २०२३ च्या सरकारी स्वच्छता मोहिमेपासून नगरपालिकांनी जुन्या वस्तू घेणारी केंद्रं उघडली, तिथे माणूस बसलेला असतो आणि छप्पर असतं. सव्वीस फ्रॉक तिथे दिले. उरलेले चौदा भांडीवालीने घेतले आणि आजींना एक स्टीलची परात मिळाली. ती रोज कणकेला वापरली जाते.

महेश्वरी दुपटं राहिलं. पाळणाही राहिला, पण माळ्यावर नाही. आजींच्या पुतण्याकडे देवासला बारसं होतं, तिकडे गेला.

डिसेंबर

मावशींच्या मुलीला मार्गशीर्षात मुलगी झाली, दिवसांच्या आधी, २.१ किलोची. रुग्णालयात परिचारिकेने बाळाला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवायला सांगितलं, दिवसाचे जितके तास जमेल तितके. त्यासाठी बाळाच्या अंगात टोपडं, मोजे, लंगोट आणि पुढून उघडं, बिनबाह्यांचं झबलं एवढंच हवं. आम्ही दिलेल्या गठ्ठ्यातले कपडे डोक्यातून घालायचे, आणि मापाला इतके मोठे की बाळ त्यात हरवून जाई.

मावशी संध्याकाळी हे सांगायला आल्या. आजी उठून कपाटाकडे गेल्या आणि मलमलीचं गाठोडं काढून पलंगावर ठेवलं. पुढून उघडी, बिनबाह्यांची सहा झबली. तशी झबली आता सगळ्या घरात तेवढीच होती.

"हीसुद्धा मोठीच होतील," सून म्हणाली.

"आत घेते." आजींनी चष्मा लावला आणि दोन्ही बाजूंना बोटभर कापड मुडपून धावदोरा घालायला सुरुवात केली. सून दुसरी सुई ओवून शेजारी बसली. तिने कडेचं जास्तीचं कापड कापायला कात्री उचलली तसा आजींनी तिचा हात धरला. "माया कापायची नाही. आत असू दे. महिन्यात उसवावं लागेल." त्या रात्री तीन झबली झाली आणि सकाळी मावशी घेऊन गेल्या. लोकरीचं टोपडं तेवढं विणून झालेलं होतं, ते आधीच बाळाच्या डोक्यावर होतं.

फेब्रुवारीत मी वही घेऊन त्या घरी गेले तेव्हा मावशी झबली सैल करून घ्यायला आल्या होत्या. आजी ओट्यावर उन्हात बसून ब्लेडच्या टोकाने टाके उसवत होत्या. आतलं कापड बाहेर आलं ते बाकीच्यापेक्षा पांढरं होतं, आणि दोऱ्याच्या जागी बारीक भोकांची ओळ.

"भोकं दिसताहेत," नात म्हणाली.

"दोन धुण्यांत बुजतील," आजी म्हणाल्या, आणि मावशींना विचारलं, "वजन किती भरलं?"

"साडेतीन किलो."